दोराला झंपर

“भोंग्या, तुझ्या काकाक सांग, शीड जरा ढिला सोड म्हणान.”

काका माझ्या पुढे हातभर अंतरावर बसला होता. आबा माझ्या मागे, सुकाणू धरून, तेवढ्याच अंतरावर. मधे मी, पत्र्याच्या डब्याने होडीतलं पाणी उपसत.

“काका, आबा म्हणतायत शीड जरा ढिलं सोड.”

“तुझ्या आबांना सांग, ढिलंच आहे. आणखी सोडलं तर त्याचा पडदा होईल.”

“आबा, काका म्हणतो—”

“आयकलंय मी. सांग त्याका, पडदो झालो तर घराक घेवन जा. तुझ्या काकूक दोरयेर कपडे घालूची लय हौस आसा.”

काकाचे कान लाल झाले. मी दाताखाली ओठ दाबून डबा समुद्रात रिकामा केला. हसले असते तर दोघंही माझ्यावर घसरले असते, आणि त्या एका बाबतीत त्यांचं एकमत असायचं.

भोंगा म्हणजे मी. खरं नाव मैथिली कुबल. पण जन्मल्याबरोबर मी जे रडले ते म्हणे खाडीपलीकडच्या लोकांनी ऐकलं, आणि आबांनी बाराव्या दिवसाची वाट न बघता माझं बारसं उरकून टाकलं. आमच्या होडीचं नाव लाडूबाय. ती आबांची आजी. त्यामुळे आमच्या घरात ‘लाडूबायच्या पोटात पाणी झालंय’, ‘लाडूबायला उद्या उलटी करून खरवडायची’ असली वाक्यं जेवताना बोलली जातात आणि पाहुणे घास हातात धरून बघत राहतात.

मी तेव्हा सातवीत होते. आमच्या आडभाटीला जत्रेच्या दुसऱ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी शिडाच्या होड्यांची शर्यत असते. एरवी सगळ्यांच्या होड्या इंजिनावर फटफटत जातात. जत्रेआधी महिनाभर मात्र माळ्यावरची शिडं खाली उतरतात आणि गावातले सगळे आजोबा एकदम तरुण होतात. लाडूबायमध्ये आबा सुकाणूला, काका शिडाला आणि पाणी उपसायला माझे बाबा, अशी आमची टीम. त्या वर्षी बाबा मोठ्या ट्रॉलरवर लागले होते, म्हणजे तिसरी जागा रिकामी. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी गणपतीपासून आईच्या मागे लागले होते.

“तुझं होडीत काय काम?” आई म्हणायची.

“पाणी उपसायचं.”

“ते काका एका हाताने उपसेल. ज्याचं काम नाही त्याने होडीत बसायचं नाही.”

हा आईचा नियम होता, आणि तो ती स्वतःलाही लावायची. शर्यतीच्या दिवशी ती कमरेपर्यंत पाण्यात उतरून होडी ढकलायची. ढकलून झालं, शिडात वारा भरला, तरी तिचा हात होडीच्या काठावर थोडा वेळ राहायचा. मग ती ओला पदर पिळत परत फिरायची आणि कुणी तरी चहा टाका म्हणायची.

तर मला काम मिळालं ते भांडणामुळे.

झालं असं की दिगूकाका मुंबईत एका गोदीत कामाला होता. श्रीमंत लोक हौसेने शिडाच्या बोटी पाळतात, त्यांची डागडुजी तो करायचा. दिवाळीला जत्रेपर्यंतची रजा काढून घरी आला तो एक पांढराशुभ्र सिंथेटिक दोर घेऊन. करंगळीएवढा जाड, म्हणे बैल टांगला तरी तुटणार नाही. डोलकाठीच्या टोकाला एक भोक असतं आणि त्यात लोखंडी कडं. त्या कड्यातून दोर जातो. त्याचं एक टोक शिडाच्या आडव्या बांबूला बांधायचं आणि दुसरं खालून ओढलं की बांबूसकट शीड वर चढतं. आबांचा त्या कामाचा काथ्याचा जुना दोर काकाने काढला आणि नवा घातला. इथपर्यंत ठीक होतं. पण जुना दोर त्याने काकूला दिला आणि काकूने तो परसात दोन माडांच्या मधे बांधला. दुसऱ्या दिवशी आबा आंघोळ करून बाहेर आले तर त्यांच्या दोरावर त्यांचेच लंगोट वाळत होते.

त्या दिवसापासून बापलेक बोलेनासे झाले.

तरीही शर्यतीला दोघंही जाणारच. लाडूबाय एकच, आणि सुकाणूवाल्याने शीडवाल्याला सांगितल्याशिवाय होडी वळत नाही. सराव सुरू झाला तेव्हा आबा वाऱ्याला उद्देशून बोलायचे आणि काका माशांना उत्तर द्यायचा. एकदा होडी खडकावर जाता जाता वाचली, तेव्हा आईने कपाळाला हात लावला.

“जा बाई तू मधे,” ती म्हणाली. “निरोप्याचं तरी काम कर. आणि हे बोलायला लागले की सरळ घरी यायचं, कळलं?”

म्हणजे मला होडीत जागा होती, पण हे दोघं अबोल असेपर्यंतच. मी देवीला नवस बोलले नाही एवढंच. बाकी दोघं समोरासमोर आले की मी मधे जाऊन उभी राहायचे.

सकाळी शाळेआधी मी आबांबरोबर सरावाला जायचे, संध्याकाळी काकाबरोबर. रविवारी तिघं.

काकाचा सगळा जीव त्या नव्या दोरात. “हे बघ,” तो मला समजावायचा, “हा ताकदीला भारी, पण घासण्याला नाजूक. काथ्याचा दोर तुटायच्या आधी करकरतो, पिंजारतो, आठ दिवस आधी रडायला लागतो. हा हसतमुख राहतो आणि एकदम जातो.” म्हणून जिथे दोर लोखंडी कड्यात बसतो, बरोब्बर तिथे त्याने जाड कॅनव्हासची बोटभर लांब बाही शिवून घातली होती. कडं घासेल तर बाहीला घासेल, आतला दोर सुखरूप.

आबांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चष्मा वर केला, खाली केला.

“भोंग्या, ह्या दोराक झंपर कोणी शिवल्यान?”

“काकाने.”

“सांग त्याका, काठपदराची साडी पण नेसव म्हणान. जत्रा आसा.”

मी निरोप पोचवला. काका म्हणाला, “आबांना सांग, झंपर घातला म्हणून लाज राखली जाईल.” हाही पोचवला. माझी नोकरी जोरात चालली होती.

शर्यतीला दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी काकाने मला दोर गोड्या पाण्याने धुवायला बसवलं. मीठ सुकलं की त्याचे कण आतून धागे कापतात, असं त्याचं म्हणणं. लाडूबाय वाळूवर ओढून ठेवली होती, शीड खाली उतरवलेलं. काका कुठे तरी रंग आणायला गेला होता. मी दोर चोळत चोळत बांबूपासून पुढे निघाले, बाही लागली, तिच्यावर बोट फिरवलं. एकदम मस्त. बाहीपासून थोडं पुढे गेले आणि बोटाला केसाळ काही तरी लागलं.

दोर तिथे मांजराच्या शेपटीसारखा फुलला होता. पांढऱ्या धाग्यांत गंजाचा तांबडा डाग. मी जरा पिळून पाहिलं तर आतले धागेही तुटलेले. बैल सोडा, आमचा बोकाही टांगवला नसता.

पण गंज तर कड्याचा होता. आणि कड्यात तर बाही बसते. मग बाहीच्या बाहेरचा दोर कसा झिजला?

मी बाही आणि त्या जागेच्या मधलं अंतर मोजायला माझी मूठ ठेवली. मूठ पुरली नाही. माझी मूठ लहान होती. मग कुणाची पुरेल?

मी पळत घरी गेले. आबा ओसरीवर सुपारी कातरत होते.

“आबा, सकाळी शिडाची गाठ कोण बांधतं?”

“मी. आणखी कोण? तू येवच्या आधी.”

“कशी बांधता?”

“कशी म्हणजे? रोज एक मूठ पुढे. आदल्या दिवशी दोराची जी जागा कड्यार घासली, ती दुसऱ्या दिवशी घासता नये. म्हणान बांबूकडची गाठ सोडायची, एक मूठ सरकवायची, परत मारायची. माझ्या बापाशीन शिकवल्यान. पण ह्यो तुझ्या काकाचो दोर! रोज सकाळी बघतंय तर परत होतो थयच. रबरासारखो आखडता मेलो.”

मी तशीच पळत किनाऱ्यावर. काका रंगाचा डबा उघडत होता.

“काका, संध्याकाळी शिडाची गाठ कोण बांधतं?”

“मीच. का गं?”

“रोज?”

“रोज बांधावीच लागते. नवा दोर गुळगुळीत असतो, गाठ सरकते. रोज बघतो तर बाही कड्यातून बाहेर. मग सोडायची आणि परत बरोब्बर जागेवर आणायची.”

मी वाळूत बसले. मला हसू येत होतं. सकाळी आबा एक मूठ पुढे, संध्याकाळी काका एक मूठ मागे. दोघंही दोर जपत होते. आणि रोज सकाळी, बाहीपासून आबांच्या एका मुठीवर, नेमकी तीच उघडी जागा त्या गंजक्या कड्यावर घासत होती. दोराला बिचाऱ्याला काय वाटत असेल!

तो शर्यतीत तुटला तर वरचा बांबू कुठे येईल तेही मला माहीत होतं. सुकाणूवर बसणाऱ्याच्या टाळक्यात.

आता सांगते, मी लगेच मोठ्या मनाने दोघांना एकत्र बसवलं वगैरे नाही. मी आधी माझी नोकरी वाचवायचा प्रयत्न केला. हे काम निरोपांनी होण्यासारखं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

“काका, आबा रोज गाठ एक मूठ सरकवतात. दोर झिजलाय.”

“आबांना सांग, सरकवू नका. बाही आहे ना.”

परत ओसरी. “आबा, काका म्हणतो सरकवू नका. बाही आहे. तो गाठ रोज मागे आणतो.”

“त्याका सांग, मी दाढी करूक लागलंय तेव्हा तो जन्माक यायचो होतो. झंपर काढ म्हणान, दोर आपसूक बरो होता.”

परत किनारा. “काका, आबा म्हणतात झंपर काढ.”

“मी काढणार नाही, सांग.”

“अरे पण दोर झिजलाय!”

“झिजणारच. ते सरकवतात म्हणून.”

परत ओसरी. “आबा, दोर झिजलाय हो!”

“झिजतलोच. तो मागे ओढता म्हणान.”

चौथ्या फेरीला माझ्या पायात गोळे आले आणि एक गोष्ट डोक्यात आली. दोघांनाही दोर झिजल्याचं ऐकून आनंद होत होता. प्रत्येकाला वाटत होतं आपण जिंकलो. माझ्या तोंडून निरोप जाईपर्यंत त्यातला दोर गळून जायचा आणि फक्त टोमणा पोचायचा.

मी लाडूबायमध्ये चढून उभी राहिले. दोर हातात घेतला, शेपटीसारखा फुललेला भाग वर धरला. माझी जागा मला दिसत होती, तळाशी, डब्याजवळ. मग डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि देवाने दिलेला भोंगा वाजवला.

“लाडूबाय बुडाली होऽऽऽ!”

आबा हातात अडकित्ता घेऊनच धावत आले, कंबरेचा पंचा एका हाताने धरून. काका तोंडावर निळा रंग उडवून आला. आई पिठाच्या हातांनी आली. शेजारचे दोन कुत्रे आले. सगळे येऊन बघतात तर लाडूबाय कोरड्या वाळूवर, आणि मी तिच्यात उभी.

“खय बुडाली?” आबा धापा टाकत म्हणाले.

“परवा बुडणार आहे. हे बघा.” मी दोर दोघांच्या मधोमध धरला. “आबा, इथे बाहीशेजारी मूठ ठेवा.”

त्यांनी ठेवली. बाही संपते तिथे मूठ सुरू झाली, मूठ संपली तिथे शेपटी सुरू झाली. कातरून घेतल्यासारखी बरोब्बर.

काका बघत राहिला. आबा बघत राहिले. आणि मग, दिवाळीनंतर पहिल्यांदा, आबांनी माझ्या डोक्यावरून थेट काकाकडे पाहिलं.

“तू रोज मागे ओढत होतस?”

“तुम्ही रोज पुढे सरकवत होता?”

“माका इचारूक काय झाला होता तुका?”

“तुम्ही बोलत होता का माझ्याशी?”

“लंगोट कोणी वाळत घातल्यान माझ्या दोरयेर?”

“ते तुमच्या धाकट्या सुनेने घातले! मी फक्त दोर दिला!”

“शीड चढवत होते त्या दोरान माझे आजे, आणि तू—”

“आबा, तो दोर सडला होता! तुमच्या डोक्यावर बांबू येऊ नये म्हणून मी पगारातून हा आणला, आणि तुम्ही त्याला झंपर म्हणता!”

 आबांनी अडकित्ता पंचाला पुसला.

“झंपर बरो शिवलस,” ते म्हणाले. “पण तोकडो.”

त्यानंतर जे झालं ते मी फक्त ऐकलं, कारण मला कुणी काही विचारेना. दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होते. डोलकाठी आडवी केली, काकाने कानशीने कडं घासून गुळगुळीत केलं. आबा म्हणाले दोर उलटा कर, झिजलेलं टोक कापून टाक आणि उरलेलं हातात धरायच्या बाजूला येऊ दे. काका म्हणाला, मी तेच म्हणणार होतो. आबा म्हणाले, मग म्हटलंस कित्याक नाय. आता बाही अशी लांब हवी की आबांनी रोज एक मूठ सरकवली तरी कडं बाहीवरच राहील. कॅनव्हास संपला होता. माझं जुनं दप्तर फाडलं, जांभळं, फुलपाखरांचं.

शिवायला काका बसला तर आई म्हणाली, “आण इकडे.” तिने सुतळीला मेण लावलं, जाड सुई घेतली आणि असे टाके घातले की काका बघतच राहिला.

“वहिनी, हा शिडाचा टाका आहे. तुम्हाला कुठून येतो?”

“माहेरी शिडं मीच शिवायची,” आई दाताने सुतळी तोडत म्हणाली. “भाऊ फाडायचे, मी शिवायची.”

“आणि शर्यतीला?” मी विचारलं.

“शर्यतीला काय? किनाऱ्यावर उभी राहायची. शिवून झालं की माझं काम संपलं.” आणि मग माझ्याकडे वळून, “तुझंही संपलं. हे बोलायला लागलेत.”

मी रडले नाही. मी फक्त रात्री माशाची कढी खाल्ली नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

शर्यतीच्या दिवशी मी आईशेजारी किनाऱ्यावर उभी होते. नवा फ्रॉक, केसात अबोली, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. होड्या ओळीने पाण्यात लावलेल्या. डोलकाठीच्या टोकाला फुलपाखरांचा जांभळा झंपर दिसत होता आणि बाजूच्या होडीतले लोक त्याला हसत होते. आई होडी ढकलायला पाण्यात उतरली. आबा सुकाणूला बसले, काका शिडाला.

आणि आबा ओरडले, “भोंग्या! तुझ्या काकाक सांग, शीड चढव म्हणान!”

मी दचकले. काका त्यांच्यापासून दोन हातांवर होता.

काकाने मान फिरवून पलीकडच्या डोंगराकडे पाहिलं. “भोंग्या, तुझ्या आबांना सांग, ते नीट बोलल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

“त्याका सांग, तुझ्याशी बोलता कोण!”

आईने कपाळाला हात लावला. “आता काय झालं आणखी? सकाळी तर एका ताटात पोहे खाल्ले!”

“सकाळची गोष्ट येगळी,” आबा म्हणाले.

“सूनबाईंना सांग,” काका घाईघाईने म्हणाला, “म्हणजे, वहिनींना सांग, शिटी व्हायची वेळ झाली.”

आईने दोघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तिने माझा दंड धरून मला उचललं आणि पोतं टाकावं तसं होडीत टाकलं.

“जा. आणि डबा धर नीट.”

तिने ढकललं. शिडात वारा भरला. मागे वळून पाहिलं तर तिचा हात अजून काठावर होता. मग सुटला.

खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत मी इमानाने निरोप पोचवले. मग वाऱ्याचा झोत आला, लाडूबाय एका कुशीवर झाली, वरचा दोर ताठ झाला आणि आबा विसरलेच. “दिगू, सोड! सोड रे! हां, आता धर!” आणि काका म्हणाला, “हो आबा!”

मी डबा खाली ठेवला. “तुम्ही बोलताय!”

“भोंग्या, गप,” दोघं एकदम म्हणाले.

आम्ही तिसरे आलो. होड्या किती होत्या ते सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. दोर मात्र तसाच्या तसा. झंपराचं एक फुलपाखरू तेवढं झिजलं.

आता मी दहावीत आहे. डबा सुटून तीन वर्षं झाली. मधली दोन वर्षं मी शीड धरलं, काकाने डबा, आणि यंदा आबा म्हणाले, “माका आता लांबचा दिसणा नाय, सुकाणू भोंग्याक द्या.” मी! मी सुकाणूला! शाळेत मी हे प्रत्येक तासाला सांगते, भूमितीच्या बाई वैतागल्यात. आबा आता शीड सांभाळणार, कारण काकाला रजा नाही. म्हणजे मधली जागा पुन्हा रिकामी.

मी आईला विचारलं, “तू ये ना.”

“माझं काय काम होडीत?” आई म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. पण थापता थापता तिने खिडकीतून एकदा लाडूबायकडे पाहिलं.

तर गेले आठ दिवस मी आणि आबा अजिबात बोलत नाही. कारण विचारू नका, आम्हालाही नीट ठरवता आलेलं नाही. आत्ताही मी हे लिहितेय आणि ओसरीवरून आवाज येतोय, “सूनबाय, त्या भोंग्याक सांग, उद्या सरावाक येळार ये म्हणान.”

आई हात पुसत दारात आली. “पोरी, आबा म्हणतायत—”

“आई, आबांना सांग, मी येईन. पण मधे कुणी तरी लागेल.”